गर्भारपण आणि पिस्तूल : अमेरिकेतील एका खरेदीचा हिशेब

अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याची अमेरिकेतील रीत मुख्यतः कमरेच्या पट्ट्यावर उभी आहे. जाड, ताठ पट्टा, त्यात अडकवलेले होल्स्टर आणि वरून सैलसर सदरा, अशी ती रचना असते. शस्त्र ओटीपोटाच्या बाजूला किंवा कमरेच्या मागे, पण शरीराला घट्ट चिकटलेले राहते. गर्भारपणात सर्वांत आधी निकामी होतो तो हा पट्टाच. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून पोट पुढे येऊ लागते, शरीराचा तोल बदलतो, बसताना-उठताना ओटीपोटावर कठीण वस्तू रुतते. वर्षानुवर्षे पिस्तूल बाळगणाऱ्या स्त्रीलाही त्या वेळी सवयीचे शस्त्र बाजूला ठेवण्याचा विचार करावा लागतो. दुसरीकडे, आजवर शस्त्राला हातही न लावलेल्या काही स्त्रिया नेमक्या याच काळात बंदुकीच्या दुकानाची पायरी चढतात. बाळाच्या खर्चाची जुळवाजुळव सुरू असताना होणारी ही खरेदी साहजिकच स्वस्तात व्हावी, अशी त्यांची अपेक्षा असते.

भारतीय वाचकाला हे दृश्य चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत ते तसे राहिलेले नाही. जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात तेथे सुमारे ७५ लाख प्रौढ व्यक्ती प्रथमच बंदुकीच्या मालक झाल्या आणि त्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या, असा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीतून निघाला. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत दर चार स्त्रियांमागे एकीने आपल्याकडे बंदूक असल्याचे सांगितले. बंदूक बाळगण्याचे प्रमुख कारण म्हणून ७२ टक्के मालकांनी स्वसंरक्षणाचा उल्लेख केला. शिकारीचा क्रमांक त्यानंतर बऱ्याच अंतराने लागतो.

कायद्याची चौकट

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली घरात शस्त्र बाळगण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य केला. जून २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याविरुद्धच्या खटल्यात हाच हक्क घराबाहेरही लागू असल्याचा निर्णय त्या न्यायालयाने दिला. त्याच्या आधीपासूनच अनेक राज्यांनी परवान्याची अट काढून टाकण्यास सुरुवात केली होती. टेक्सासने ती सप्टेंबर २०२१ मध्ये रद्द केली, तर फ्लोरिडाने जुलै २०२३ मध्ये. २०२४ अखेर पन्नासपैकी २९ राज्यांत, कायद्याने अपात्र नसलेल्या प्रौढ व्यक्तीला परवान्याशिवाय अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याची मुभा होती.

उर्वरित राज्यांत परवाना लागतो आणि काही ठिकाणी तो मिळवणे कष्टाचे आहे. २०२२ च्या निर्णयानंतर न्यूयॉर्कने नवा कायदा केला. त्यात सोळा तासांचे वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव बंधनकारक आहे. इलिनॉयमध्येही प्रशिक्षणाबरोबर निशाणा साधून दाखवावा लागतो. सर्वसाधारण अर्जदाराला या अटींत वावगे काही वाटणार नाही. गर्भवती अर्जदारापुढे मात्र निराळीच अडचण उभी राहते. ती शिशाची आणि आवाजाची आहे, आणि तिचा ऊहापोह पुढे केला आहे.

परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घ्यायचे तर ग्राहकाला केंद्र सरकारचा एक अर्ज भरावा लागतो. त्यानंतर १९९८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय यंत्रणेमार्फत त्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. पुष्कळ वेळा हे काम काही मिनिटांत आटोपते. कॅलिफोर्नियात मात्र त्यानंतरही दहा दिवस थांबावे लागते. अर्जात गर्भारपणाविषयी प्रश्न नसतो, आणि गर्भवतीला शस्त्र विकू नये अशी मनाईही केंद्रीय कायद्यात नाही. निर्णय सर्वस्वी तिच्यावर सोडलेला असतो.

भीती नेमकी कोणाची?

कोणते पिस्तूल घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर ते कोणापासून बचावासाठी हवे आहे यावर अवलंबून असते. दुकानातल्या संभाषणात मात्र हा मुद्दा क्वचितच निघतो. रात्री दार फोडून आत शिरणारा अनोळखी इसम तेथे गृहीत धरलेला असतो. असे प्रसंग घडतही असतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्लोरिडातील लिथिया या गावी सशस्त्र दरोडेखोर एका घरात घुसले, त्यांनी पतीला मारहाण केली, आणि आठ महिन्यांच्या गर्भवती पत्नीने घरातील बंदुकीने गोळी झाडून त्यांना पिटाळून लावले. एक दरोडेखोर ठार झाला. ही बातमी देशभर गाजली. शस्त्रसमर्थक आजही तिचा दाखला देतात. तिच्या हाती होती ती मात्र घरात ठेवलेली रायफल. अंगावर बाळगण्याच्या पिस्तुलाशी त्या घटनेचा संबंध नव्हता, हा तपशील दाखला देताना बहुधा गाळला जातो.

आकडेवारीतून दिसणारे चित्र याहून वेगळे आणि अधिक अस्वस्थ करणारे आहे. ट्युलेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ आणि २०१९ या वर्षांतील मृत्यूंच्या नोंदी तपासून २०२१ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गरोदर किंवा बाळंतपणाला एक वर्ष न झालेल्या स्त्रियांमध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३.६२ खून झाल्याचे त्यात आढळले. त्याच वयोगटातील इतर स्त्रियांच्या तुलनेत हे प्रमाण १६ टक्क्यांनी जास्त होते. अतिरक्तस्राव, रक्तदाबाचे विकार, जंतुसंसर्ग ही मातामृत्यूची परिचित कारणे. यांपैकी कोणत्याही एका कारणाच्या दुपटीहून अधिक स्त्रिया खुनाला बळी पडल्या होत्या. सुमारे दोनतृतीयांश खून राहत्या घरात झाले आणि तितक्याच प्रमाणात ते बंदुकीने झाले. पंचविशीच्या आतील तरुणी आणि कृष्णवर्णीय स्त्रिया यांना सर्वाधिक धोका होता.

मृत्यूच्या दाखल्यावर मारेकऱ्याचे बळीशी असलेले नाते नोंदवलेले नसते. मात्र घर हेच घटनास्थळ असणे पुरेसे बोलके आहे. धोका दारातून आत येणारा असण्यापेक्षा आधीच घरात वावरणारा असण्याची शक्यता मोठी. अशा घरात आणलेले पिस्तूल कोणाच्या हाती लागेल, हे खरेदी करणारी व्यक्ती एकटी ठरवू शकत नाही. अकरा अमेरिकी शहरांतील प्रकरणांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला होता. मारहाण करणाऱ्या जोडीदाराला बंदूक उपलब्ध असेल तर स्त्रीचा खून होण्याचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो, असे त्यातून पुढे आले. जोडीदारापासून वेगळे राहणाऱ्या आणि स्वतःजवळ बंदूक असलेल्या स्त्रियांचाही विचार त्या अभ्यासात झाला होता. त्यांची संख्या थोडी होती, आणि बंदुकीमुळे त्या अधिक सुरक्षित झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही.

कॅलिफोर्नियातील लक्षावधी प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला स्टॅनफर्ड विद्यापीठाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल मालकासोबत एकाच घरात राहणाऱ्या, पण स्वतःचे शस्त्र नसलेल्या व्यक्तींचा विचार त्यात केला गेला. पती, पत्नी वा जोडीदाराच्या गोळीने मृत्यू येण्याचे त्यांच्यातील प्रमाण शस्त्रविरहित घरांतील लोकांच्या सात पट आढळले. अशा प्रकारे बळी पडलेल्यांत ८४ टक्के स्त्रिया होत्या.

ज्या स्त्रीला जोडीदाराचीच भीती आहे, तिच्यासाठी अमेरिकी कायद्यात आणखी एक मार्ग आहे. न्यायालयाने सुनावणीनंतर संरक्षण आदेश दिला आणि तो केंद्रीय कायद्याच्या निकषांत बसला, तर त्या जोडीदाराला शस्त्र बाळगता येत नाही. ही तरतूद घटनाबाह्य असल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जून २०२४ मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने तो फेटाळला. आदेश निघाल्यावर त्या व्यक्तीकडील शस्त्रे प्रत्यक्ष जमा करून घेतली जातात की नाही, हे मात्र राज्यागणिक आणि जिल्ह्यागणिक बदलते. कागदावरचा आदेश आणि कपाटातले पिस्तूल यांच्यातील हे अंतर अनेकींना दुकानाकडे वळवते, हेही नाकारता येत नाही.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

अमेरिकेत नवे पण साधे पिस्तूल साधारण २०० ते ३०० डॉलरना मिळते. हाय-पॉइंट किंवा टॉरस या कंपन्यांची काही मॉडेल या गटात मोडतात. रुगर, स्मिथ अँड वेसन, ग्लॉक, सिग सॉअर यांची अंगावर बाळगण्याजोगी छोटी पिस्तुले सर्वसाधारणपणे ३०० ते ६०० डॉलरच्या दरम्यान असतात. खर्च येथे संपत नाही. होल्स्टर, कुलुपाची पेटी, सरावाची काडतुसे, कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण, परवाना लागत असल्यास त्याचे शुल्क आणि प्रशिक्षण, असा हिशेब धरला तर पिस्तुलाच्या किमतीइतकी रक्कम पुन्हा बाजूला काढावी लागते. पिस्तुलावर उत्पादकाकडून दहा टक्के केंद्रीय अबकारी कर घेतला जातो. कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून स्वतःचा ११ टक्के कर त्यावर लावला आहे.

तुलनेसाठी भारतातील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन अर्धा किलो, किंमत एक लाख बावीस हजार रुपयांच्या घरात. त्याशिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना आवश्यक, आणि तो देणे न देणे प्रशासनाच्या अखत्यारीत. ज्या नोकरदार स्त्रीला रात्री उशिरा बसने घरी परतावे लागते, तिच्यासाठी हे शस्त्र नव्हते, अशी टीका त्या वेळी झाली आणि ती रास्त होती. अमेरिकेत नेमकी उलट परिस्थिती आहे. तेथे पैसा आणि परवाना हे दोन्ही अडसर इतके खाली आले आहेत की, वस्तूच्या दर्जाचा प्रश्न पुढे येतो.

या दर्जाला एक इतिहास आहे. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने परदेशी बनावटीच्या स्वस्त पिस्तुलांची आयात रोखली. देशात बनणाऱ्या पिस्तुलांना मात्र ते निकष लागू नव्हते. परिणामी लॉस एंजेलिसच्या आसपास काही कारखाने उभे राहिले आणि हलक्या मिश्रधातूची, कमी किमतीची लक्षावधी पिस्तुले त्यांनी बाजारात ओतली. त्यांपैकी ब्रायको या कंपनीच्या एका पिस्तुलातील गोळ्या काढायच्या तर आधी सुरक्षा खटका उघडावा लागे. १९९४ साली कॅलिफोर्नियात असे पिस्तूल रिकामे करण्याच्या प्रयत्नात गोळी सुटली आणि सात वर्षांचा एक मुलगा कायमचा अपंग झाला. २००३ मध्ये ज्यूरीने त्याला कोट्यवधी डॉलरची भरपाई देवविली. त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

केवळ स्वस्त पिस्तुलेच सदोष निघतात असेही नाही. हातातून पडल्यास गोळी सुटण्याच्या शक्यतेमुळे रुगरने २००८ साली आपली नवी छोटी पिस्तुले दुरुस्तीसाठी परत मागवली होती. टॉरसविरुद्धच्या सामूहिक दाव्यात २०१५ साली तडजोड झाली. सुमारे दहा लाख पिस्तुले तिच्या कक्षेत येत होती. या सगळ्यामागे एक कायदेशीर विसंगती आहे. खेळणी, पाळणे, लहान मुलांच्या ढकलगाड्या यांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय ग्राहक सुरक्षा आयोगाला बंदुका आणि काडतुसे यांवर अधिकार नाही. अमेरिकी काँग्रेसने सत्तरच्या दशकातच ते क्षेत्र त्याच्या हाताबाहेर ठेवले. बाळाचा पाळणा सदोष निघाला तर सरकार तो बाजारातून मागे घ्यायला लावू शकते. त्याच खोलीतल्या पिस्तुलाबाबत तसे करण्याचा अधिकार त्या आयोगाला नाही. पाडून पाहण्याची चाचणी कायद्याने सक्तीची करणारी कॅलिफोर्नियासारखी राज्ये मोजकीच आहेत. तेव्हा स्वस्त पिस्तूल घेणाऱ्या व्यक्तीने ते मॉडेल कधी परत मागवले गेले होते काय, वापरलेले असल्यास त्याची दुरुस्ती झाली आहे काय, हे उत्पादकाकडून क्रमांकानिशी पडताळून घेणे आवश्यक ठरते. रंग, आकार किंवा 'स्त्रियांसाठी खास' ही जाहिरात यांपेक्षा हा मुद्दा कितीतरी महत्त्वाचा आहे.

हलके शस्त्र, जड धक्का

स्त्रियांना दुकानात हमखास दाखवले जाते ते पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर. ते हलके असते, अडकत नाही आणि वापरायला सोपे असते, असे सांगितले जाते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. तिसरी नाही. शस्त्र जितके हलके तितका गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का मोठा, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. सव्वाचारशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर नवशिक्याच्या मनगटाला पहिल्या पाच गोळ्यांतच नकोसे करून सोडते. त्याचा चाप ओढायला बहुधा साडेचार-पाच किलोच्या आसपास जोर लागतो. त्यामुळे नेम हलतो.

स्वयंचलित भरणीच्या पिस्तुलांची अडचण वेगळी आहे. त्यांचा चाप हलका असतो आणि गोळ्याही अधिक मावतात. मात्र पहिली गोळी नळीत आणण्यासाठी वरचा भाग, म्हणजे स्लाइड, ताकदीने मागे खेचावी लागते, आणि पिस्तूल जितके लहान तितकी तिची स्प्रिंग ताठ असते. गर्भारपणात अनेक स्त्रियांच्या हातापायांवर सूज येते. मनगटातील नस दबून बोटे बधिर होण्याचा त्रासही या काळात वाढतो. चौथ्या महिन्यात सहज जमलेली कृती आठव्या महिन्यात जमेलच, असे नाही. स्लाइड ओढायला सोपी जावी अशा रचनेची काही मॉडेल २०१८ नंतर बाजारात आली आहेत. ती मूळची संधिवात असलेल्या आणि वृद्ध ग्राहकांना नजरेसमोर ठेवून केलेली दिसतात, पण गर्भवतीची अडचणही त्याच जातीची आहे. मध्यम वजनाचे, नऊ मिलिमीटरचे किंवा त्याहून सौम्य काडतूस चालणारे पिस्तूल नवशिक्याला अधिक झेपते, असे प्रशिक्षक सांगतात. परंतु वजन वाढले की लपवणे अवघड होते, आणि पुन्हा गाडी पट्ट्यावर येऊन अडते.

शिसे आणि आवाज

शस्त्र विकत घेणारी व्यक्ती ते चालवायला शिकलेली असावी, याबद्दल समर्थक आणि विरोधक यांच्यात दुमत नाही. गर्भवतीच्या बाबतीत मात्र शिकण्याची क्रियाच अपायकारक ठरू शकते.

बहुतेक काडतुसांतील गोळी शिशाची किंवा शिशाचा गाभा असलेली असते. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी जी टिकली बसवलेली असते, तिच्या रसायनातही शिसे असते. गोळी सुटताना त्याची बारीक धूळ आणि वाफ हवेत पसरते, श्वासावाटे शरीरात जाते, हातांना आणि कपड्यांना चिकटते. बंदिस्त सराव केंद्रात हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था सदोष असेल तर हे प्रमाण फार वाढते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २००९ मध्ये बंदिस्त केंद्रांतील शिसे आणि आवाज यांविषयी स्वतंत्र इशारा प्रसिद्ध केला होता.

शरीरात गेलेले शिसे वारेतून थेट गर्भापर्यंत पोहोचते. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. गर्भपात, कमी दिवसांची प्रसूती, बाळाचे कमी वजन यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. मुलांसाठी शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, ही अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राची भूमिका आहे. गर्भवतीच्या रक्तात दर डेसिलिटरमागे पाच मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास स्रोत शोधून पुढील तपासणी करावी, अशी त्या केंद्राची २०१० ची मार्गदर्शक सूचना आहे. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते, आणि गर्भारपणात व स्तनपानाच्या काळात हाडांतील कॅल्शियम वापरले जाऊ लागले की त्याच्यासोबत तेही पुन्हा रक्तात उतरते. अनेक वर्षे नेमबाजी केलेल्या स्त्रीने गरोदरपणी सराव थांबवला, तरी रक्ततपासणी करून घेणे म्हणूनच शहाणपणाचे. घरातील दुसरी कोणी व्यक्ती सरावाला जात असेल तर तिच्या कपड्यांतून आणि बुटांतून शिसे घरात येते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

आवाजाचा प्रश्न तितकाच बिकट आहे. पिस्तुलाच्या गोळीचा आवाज नळीजवळ १४० डेसिबलच्या वर जातो. आई कानांवर संरक्षक साधन लावू शकते. गर्भाला ती सोय नाही. पोटातील बाळाला गर्भारपणाच्या मध्यानंतर ऐकू येऊ लागते. पोटाची भिंत आणि गर्भजल यांमुळे आवाज काही प्रमाणात मंदावतो. मात्र खालच्या पट्टीचे, घुमणारे आवाज बऱ्यापैकी आत पोहोचतात. आईने कान झाकले म्हणून बाळाचे संरक्षण होत नाही, असे रोगनियंत्रण केंद्राने स्पष्टपणे नमूद केले आहे.

यावर सुचवले जाणारे उपाय मर्यादित आहेत. शिसेविरहित काडतुसे मिळतात, पण ती महाग असतात आणि त्यांनी आवाज कमी होत नाही. मोकळ्या मैदानावरील सरावात धूळ विरून जाते, आवाज तसाच राहतो. रिकाम्या पिस्तुलाने किंवा लेझरच्या साधनाने घरी सराव करता येतो. पकड, नेम आणि चाप ओढण्याची सवय त्याने होते, पण धक्क्याचा अनुभव येत नाही. डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला सराव बाळंतपणानंतरवर ढकलण्याचा असतो. म्हणजे जिने यापूर्वी कधीच गोळी झाडलेली नाही, तिच्या हाती गर्भारपणात आलेले पिस्तूल हे न शिकता बाळगलेले पिस्तूल ठरते. न्यूयॉर्कसारख्या राज्यात तर प्रत्यक्ष गोळीबाराशिवाय परवाना मिळतच नाही.

पट्ट्याऐवजी काय?

पोटाच्या वर, छातीखाली बांधायचा रुंद लवचिक पट्टा, खांद्यावरून अडकवायचे होल्स्टर, घोट्याला बांधायचे होल्स्टर असे पर्याय बाजारात आहेत. सातव्या महिन्यानंतर घोट्यापर्यंत वाकणे अशक्यप्राय होते. खांद्यावरचे होल्स्टर सैल कपड्यांखाली लपते, पण त्यातून शस्त्र काढताना नळीचा रोख अनेकदा शेजारच्या माणसाकडे किंवा स्वतःच्या दंडाकडे जातो. कापडी पट्ट्याच्या होल्स्टरने चाप पूर्णपणे आणि कठीण आवरणाने झाकला पाहिजे, अन्यथा कपड्याची घडी अडकूनही गोळी सुटू शकते.

उरते ती खांद्यावरची पिशवी. ती सर्वांत सोपी आणि सर्वांत धोक्याची. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातील हेडन येथील एका वॉलमार्ट दुकानात एक २९ वर्षांची माता खरेदी करीत होती. तिचा दोन वर्षांचा मुलगा सामानाच्या गाडीत बसला होता आणि तिची पिशवी त्याच्याजवळ होती. पिशवीत पिस्तुलासाठी चेन लावलेला खास कप्पा होता. मुलाने चेन उघडली, पिस्तूल काढले आणि गोळी सुटून आई जागीच ठार झाली. तिच्याजवळ रीतसर परवाना होता. पिशवी दुकानात, मैत्रिणीच्या घरी, गाडीच्या आसनावर कुठेही ठेवली जाते, आणि घरात रांगते मूल आले की पिशवी हीच त्याच्या हाताला लागणारी पहिली वस्तू असते.

दवाखान्याच्या फेऱ्यांचा मुद्दाही कमी महत्त्वाचा नाही. अनेक खासगी रुग्णालये आवारात शस्त्रास मनाई करतात. प्रत्येक तपासणीच्या दिवशी पिस्तूल एकतर घरी ठेवावे लागते किंवा गाडीत. गाड्यांतून चोरीला जाणारी पिस्तुले ही अनेक शहरांतील पोलिसांची नित्याची तक्रार आहे.

भारतीय कुटुंबांपुढील प्रश्न

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया या राज्यांत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या दृष्टीने एक तरतूद अत्यंत महत्त्वाची आहे. एच-१बी, एच-४, विद्यार्थी किंवा पर्यटक अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला शस्त्र किंवा काडतुसे ताब्यात ठेवण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे थोडे अपवाद वगळता, हा गंभीर गुन्हा ठरतो. राज्याने परवान्याची अट रद्द केली म्हणून ही मनाई दूर होत नाही. टेक्सासमध्ये शेजारीण विनापरवाना पिस्तूल बाळगते म्हणून एच-४ व्हिसावरील गृहिणीलाही ते बाळगता येईल, हा समज तिला तुरुंगात आणि नंतर देशाबाहेर नेऊ शकतो. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.

ज्यांच्यावर घरातच अत्याचार होत आहेत अशा दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत १९८५ पासून 'मानवी' आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून 'सखी' या संस्था काम करीत आहेत. राष्ट्रीय पातळीवर १-८००-७९९-७२३३ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मदत मिळते. व्हिसा पतीवर अवलंबून आहे म्हणून तक्रार करता येत नाही, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. छळाला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी अमेरिकी कायद्यात स्वतंत्र तरतुदी आहेत. मात्र त्या कोणाला लागू होतात, हे जाणकार वकिलाकडून समजून घ्यावे लागते.

बाळ घरी आल्यानंतर

प्रसूतीनंतरच्या महिन्यांत आणखी एक धोका असतो, आणि त्याचा बाहेरच्या कोणत्याही माणसाशी संबंध नसतो. अमेरिकेत बाळंत झालेल्या साधारण आठ स्त्रियांमागे एकीमध्ये नैराश्याची लक्षणे आढळतात. कॅलिफोर्नियातील नोंदींवर आधारलेला आणखी एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला होता. स्वतःच्या मालकीचे पिस्तूल असलेल्या स्त्रियांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण, पिस्तूल नसलेल्या स्त्रियांच्या ३५ पटींहून अधिक आढळले. पिस्तूल घेताना पुढच्या सहा महिन्यांतील आपल्या मनःस्थितीची कल्पना कोणालाच करता येत नाही. म्हणूनच नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्या गर्भवतीने हा विषय डॉक्टरांशी बोलणे, आणि गरज पडल्यास शस्त्र काही काळ घराबाहेर, विश्वासू नातेवाइकाकडे किंवा विक्रेत्याकडे ठेवण्याची सोय करणे, असा सल्ला दिला जातो. काही राज्यांत अशा तात्पुरत्या हस्तांतरणालाही नियम आहेत.

डॉक्टरांनी घरातील बंदुकीबद्दल विचारावे की नाही, यावरही तेथे न्यायालयीन लढाई झाली आहे. फ्लोरिडाने २०११ साली कायदा करून डॉक्टरांच्या अशा प्रश्नांवर निर्बंध घातले होते. २०१७ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो कायदा मुख्यत्वे भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्दबातल ठरवला. आज बालरोगतज्ज्ञ पहिल्या तपासण्यांच्या वेळी गाडीतील बाळाचे आसन, झोपण्याची जागा यांच्या जोडीने बंदुकीची चौकशी करतात. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयोगटातील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे ठरले आहे, ही त्यामागची पार्श्वभूमी आहे.

बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मते बंदूक नसलेले घर सर्वांत सुरक्षित. असलीच तर ती रिकामी, कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. अंगावर बाळगण्याच्या पिस्तुलाची उपयुक्तता मात्र ते भरलेले आणि क्षणात हाती येणारे असण्यावरच अवलंबून आहे. या दोन अटी एकाच वस्तूला एकाच वेळी लागू करता येत नाहीत. बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांच्या कळांनी झटपट उघडणारी पोलादी पेटी हा त्यातल्या त्यात मधला मार्ग मानला जातो. केंद्रीय कायद्यानुसार परवानाधारक विक्रेत्याने प्रत्येक पिस्तुलासोबत कुलूप किंवा तत्सम साधन देणे बंधनकारक आहे. बहुधा ती तारेची एक साधी कडी असते. चांगली पेटी ग्राहकाला पदरचे पैसे घालून घ्यावी लागते, आणि अडीचशे डॉलरच्या पिस्तुलाचा ग्राहक नेमक्या त्याच खर्चाला कात्री लावण्याची शक्यता अधिक असते.